तारा ओळखला, की ताऱ्याची ओळख पटली?

जिज्ञासू
मंडळाच्या अंकासाठी ओमेगा सेंटॉरी या गोलाकार तारकागुच्छावर टिपण लिहितेय. दोन ठिकाणी अडलेय. 'व्हेरिएबल स्टार'ला, म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होतं त्या ताऱ्याला, काय म्हणायचं: चलतारा, रूपविकारी तारा की सरळ लुकलुकता तारा? दुसरं म्हणजे 'आयडेंटिफाय'. एकाच परिच्छेदात चारदा आलंय. चारही ठिकाणी 'ओळखणे' घातलं. "बेली यांनी शंभराहून अधिक चलतारे ओळखले" हे चालून गेलं, पण "त्यातला एक नंतरच्या निरीक्षकांना ओळखता आला नाही" वाचून माझी मलाच गंमत वाटली. तारा काय वेश बदलून बसला होता?

निवृत्त मास्तर
लुकलुकता अजिबात नको. लुकलुकणं ही आपल्या हवेची करामत, त्यात ताऱ्याचा काय दोष? विश्वकोशात 'रूपविकारी तारे' असा शब्द आहे. 'विकार' म्हटलं की आता हृदयविकारच आठवतो, पण व्याकरणातले विकारी शब्द काही आजारी नसतात. लिंग, वचन, विभक्ती बदलली की त्यांचं रूप बदलतं, एवढंच. माझं मत रूपविकारीला.

घाटमाथा
मास्तर, शब्द देखणा आहे, पण रात्री दोन वाजता दुर्बिणीपाशी कुडकुडत असताना तो कुणाच्या तोंडी येत नाही. बोलताना व्हेरिएबल, लिहिताना चलतारा. शिवाय रूप बदलतंय कुठे? दुर्बिणीतही ठिपका तो ठिपकाच. बदलते ती प्रत, म्हणजे तेजाचं माप.

निवृत्त मास्तर
'चल' म्हणजे जंगम, हलणारा. वाचकाला वाटेल तारा जागचा सरकतो.

घाटमाथा
गणितातलं चल शाळेत सगळ्यांनी सोसलंय. नाही वाटणार.

काचपट्टी
नावाचं काहीही ठरवा, जिज्ञासूताईंची खरी अडचण क्रियापदाची आहे. इंग्रजीतल्या त्या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं दडलीत आणि मराठीत दोन्हींना वेगळे शब्द तयार आहेत.

सोलन बेली १८९०च्या दशकात हार्वर्डच्या पेरूमधल्या अरेकिपा इथल्या ठाण्यावरून गुच्छांचे फोटो काचेवर घेत. वेगवेगळ्या वेळच्या काचा ताडून कुठला ठिपका जाड झाला, कुठला बारीक, ते बघायचं. याला मी 'हेरणे' म्हणेन. इथे काहीतरी बदलतंय, एवढंच कळलं. ओमेगा सेंटॉरीवरचं त्यांचं काम १९०२ साली छापून आलं. आर आर लायरी ही चलताऱ्यांची एक जात. तिच्यातल्या ताऱ्यांचे प्रकाशवक्रांवरून, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याच्या आलेखांवरून, त्यांनी ए, बी, सी असे पोटप्रकार पाडले, ते आजही बेलींच्याच नावाने ओळखले जातात.

पण गुच्छाच्या मध्यभागी ताऱ्यांचा नुसता खच असतो. हवेमुळे प्रत्येक ठिपका पसरतो आणि तीन-चार ताऱ्यांचा मिळून एक डाग होतो. डाग बदलतोय हे हेरलं, तरी त्यातला नेमका कोण, हे कळलेलं नसतं. ते कळणं म्हणजे 'ओळख पटणे'. बातम्यांत नाही का, "मृताची ओळख पटली नाही"? माणूस दिसतोय, कोण ते माहीत नाही. तुमच्या दुसऱ्या वाक्यात हेच हवं.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. समजा एका ताऱ्याची प्रत १ने वरखाली होते आणि त्याच्या मंद अवस्थेइतकाच तेजस्वी, पण स्थिर असा शेजारी त्याच डागात आहे. दोघांचा प्रकाश एकत्र मोजला की तो बदल ०.६ प्रतीच्या आसपासच दिसतो. हेरला बरोबर, सूचीत आकडा चुकीचा गेला.

घाटमाथा
म्हणून तर हल्ली वजाबाकी करतात. चांगल्या रात्रीचं चित्र घ्यायचं, आजच्याइतकं पुसट करायचं आणि आजच्यातून वजा करायचं. स्थिर तारे जातात, चलताऱ्याची तेवढी बाकी उरते! अलार्ड आणि लप्टन यांची ही रीत १९९८ची. ओगल प्रकल्पाने चिलीतल्या दुर्बिणीतून आकाशगंगेचा गाभा आणि मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिका असेच विंचरून दहा लाखांहून अधिक चलतारे गोळा केलेत. मात्र बाकी कळली तरी मूळ रक्कम कळत नाही. प्रकाश कितीने बदलला ते मिळतं, ताऱ्याची स्वतःची प्रत पुन्हा गर्दीत शिरूनच मोजावी लागते.

माझी फजिती सांगतो. एम ३ या दुसऱ्या गोलाकार गुच्छात दोनशेहून अधिक चलतारे आहेत. त्यातला कडेचा, सुटासा एक निवडून महिनाभर मोजला. प्रकाशवक्र आला सरळ रेघ. नंतर ध्यानात आलं, माझा फोटो आरशातल्यासारखा उलटा होता. एवढे दिवस भलत्याच सद्गृहस्थांची नाडी धरून बसलो होतो.

जिज्ञासू
हेरणे, ओळख पटणे. झकास! आणि 'कॅटलॉग'ला यादी की सूची?

काचपट्टी
सूची. यादी वाण्याची, सामान आलं की फाडून टाकतो. गुच्छांतल्या चलताऱ्यांची पहिली सूची हेलन सॉयर हॉग यांनी १९३९ साली काढली, टोरांटोहून. पुढे क्रिस्टीन क्लेमंट यांनी ती चालवली. प्रत्येक गुच्छात व्ही १, व्ही २ असे क्रमांक. एखादा तारा पुढे स्थिर निघाला तरी त्याची ओळ खोडत नाहीत, शेजारी तसा शेरा मारतात. जुन्या लेखातला व्ही अमुक म्हणजे कोण, हे शंभर वर्षांनीही लागलं पाहिजे.

निवृत्त मास्तर
ठीक, चलतारा घ्या. पण एक भर घालतो. ओमेगा हे अक्षर मुळात ताऱ्याला द्यायचं. ताऱ्यांचे नकाशे काढणाऱ्या बायरने १६०३ साली या गुच्छाला एकच तारा धरून ते दिलं. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला नरतुरंग तारकासमूहात बघा, पुण्याहून दक्षिण क्षितिजावर चोवीसेक अंश वर. नुसत्या डोळ्यांना अजूनही पुसटसा ताराच वाटतो. १६७७ साली हॅलीने सेंट हेलेना बेटावरून पाहिलं तेव्हा कुठे तो तारा नाही, पुंजका आहे असं नोंदलं गेलं. मग आता सांगा, बायरने तो हेरला की ओळखला?

काचपट्टी
सूचीत घातला. ओळख पटायची होती.