चेरी श्रिम्पच्या टँकमधली जुनी सॉइल काढून वाळू घालायचीये, श्रिम्प आत असताना जमेल का?

कोथरूडचा_टँक

नमस्कार मंडळी, इथलं बरेच दिवस वाचतोय, आज विचारायची वेळ आली. माझा २ फुटी टँक आहे (२ बाय १ बाय १), त्यात फक्त चेरी श्रिम्प (गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंब्या), मासा एकही नाही. फिल्टर म्हणजे एअर पंपवरचे दोन स्पंज. खाली ॲक्टिव्ह सॉइल आहे तिला दोन वर्षं होत आली. आता दाणा चिमटीत धरला की त्याचा चिखल होतो, एखादं रोप जरा हललं तरी सगळं पाणी गढूळ आणि तो गाळ जाऊन मॉसवर बसतो. दुसरं म्हणजे पीएच आधी ६.५ च्या आसपास असायचा तो आता ७.४ ला आलाय, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) पहिल्यांदा शून्य दाखवायचा तो आता ३ दाखवतो. पाणी महापालिकेच्या नळाचं, अँटीक्लोरीन घालून वापरतो, फक्त उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते तेव्हा टीडीएस (विरघळलेले क्षार) एकदम चढतो.

दुकानदार म्हणतो सॉइल संपली, सगळी उपस आणि नवी टाक, एका दिवसाचं काम आहे. मला परत सॉइलच्या भानगडीत पडायचं नाहीये, काळी बारीक वाळू घालावी असं मनात आहे. पण आत्ता काही माद्या पोटाखाली अंडी घेऊन फिरतायत आणि पिल्लंही आहेत, इतकी बारीक की काचेवर नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. तर श्रिम्प आत ठेवूनच थोडी थोडी सॉइल काढत गेलो तर चालेल का? वाळू कुठली बघू? आणि क्रिप्टची (क्रिप्टोकोराइन, पाण्यातली वनस्पती) जुनी झाडं आहेत, मुळं पार तळाला गेलीत, ती कशी काढू?

हिरवं_मॉस

दादा, आधी ते पीएचचं टेन्शन डोक्यातून काढा. तुमच्या टँकला काही झालेलं नाही. ॲक्टिव्ह सॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे, ते पाण्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतात आणि त्या बदल्यात आम्ल सोडतात, म्हणून नवी असताना केएच शून्यावर येतो आणि पीएच खाली राहतो. ही ताकद वर्ष दोन वर्षांत संपते, प्रत्येक वेळी पाणी बदललं की थोडी थोडी खर्च होत जाते. ती संपली की टँकचं पाणी नळाच्या पाण्यासारखं व्हायला लागतं, तुमच्याकडे तेच झालंय. आणि चेरीला ते चांगलंच आहे!! चेरी ६.५ ते ८ पर्यंत आरामात राहतात, थोडा केएच असला तर उलट पीएच स्थिर राहतो, जीएच (कॅल्शियम मॅग्नेशियमची एकूण कठीणता) ६ ते ८ असला की कात व्यवस्थित टाकतात. त्यामुळे पीएच वाढला म्हणून नवी सॉइल घालायची काहीही गरज नाही.

बदलायचं खरं कारण चिखल हे आहे. तो दाण्यांच्या मधल्या फटी बुजवतो, मग तळाला पाणी फिरत नाही, तिथे ऑक्सिजन संपतो. एक काडी तळापर्यंत हळूच खुपसून बघा, बुडबुडे आले आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर खाली गॅस धरलाय समजा. तसं असेल तर श्रिम्प आत असताना त्याला हात लावू नका, कृपा करून.

नवी सॉइल तर तुमच्या केसमध्ये सगळ्यात वाईट. अमेझोनियासारख्या ब्रँडची सॉइल पहिले काही आठवडे अमोनिया सोडते, झाडांसाठी ते खत आहे पण श्रिम्पसाठी विष. दुकानदार एका दिवसात म्हणतोय ते सॉइल बदलण्यापुरतं खरं आहे, त्या सॉइलमध्ये श्रिम्प सोडण्याबद्दल नाही.

कोल्हापुरी_क्रिस्टल

ताईंशी सहमत आहे पण एक मत वेगळं. सगळे बाहेर काढायलाच पाहिजेत असं काही नाही. एअर पंपच्या नळीपेक्षा जाड पाइप घ्यायचा, बोटाएवढा, आणि पाणी बदलताना टँकच्या एका कोपऱ्यातली चार बोटं रुंद पट्टी ओढून घ्यायची. चिखल झालेली सॉइल पाइपातून मस्त येते, गढूळ पाणी पण सोबतच बाहेर जातं. पुढच्या आठवड्यात पुढची पट्टी. त्याने अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया एकदम जात नाहीत, श्रिम्पना पण पकडायचा ताण नाही. पिल्लं नसतील आणि थर पातळ असेल तर मी हेच सांगतो.

पण भावा तुझ्याकडे पिल्लं आहेत. ती सॉइलच्या फटीतच बसतात, पाइपात शंभर टक्के जाणार. म्हणून तुझ्यासाठी टबवाली पद्धतच बरी, म्हणजे श्रिम्प टबात काढून ठेवायचे आणि मग सगळी सॉइल उपसायची.

आणि कुणी क्रिस्टल किंवा तैवान बी श्रिम्प पाळणारे हे वाचत असतील तर त्यांनी वरचं सगळं आपल्याला लागू करू नये. ते कॅरिडिना म्हणजे चेरीपेक्षा वेगळ्या गटातले श्रिम्प आहेत, त्यांना पीएच ५.५ ते ६.८, केएच जवळपास शून्य, जीएच ४ ते ६, आरओचं पाणी आणि त्यात मिनरल घालून टीडीएस १०० ते १५० असं लागतं. तिथे ॲक्टिव्ह सॉइल पाहिजेच, आणि ती संपली तर बदलावीच लागते. आम्ही दुसरा टँक लावून त्यात नवी सॉइल महिना दीड महिना चालवतो, अमोनिया नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच क्रिस्टल हलवतो. चालू टँकमध्ये नवी सॉइल ओतायची नाही, कितीही भारी ब्रँड असू दे. नळाचं पाणीही वापरायचं नाही, केएच असलेल्या पाण्याने सॉइल लवकर मरते, महागाची वस्तू फुकट जाते.

विदर्भ_ॲक्वा

भाऊ, एक गोष्ट कोणी बोललं नाही ती सांगतो. तुमच्या जुन्या सॉइलमध्ये दोन वर्षांचं खाणं, विष्ठा, मेलेली पानं सगळं साठलेलं आहे. ते ढवळलं की अमोनिया बाहेर येतो. हाच अमोनिया पीएच कमी असताना बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा त्रास कमी. पण पीएच ७ चा ८ झाला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो, टेस्टमध्ये आकडा तोच दिसला तरी. पाणी गरम असेल तर अजून वाढतो. म्हणजे पीएच ६.५ असताना जे श्रिम्पनी सहन केलं असतं ते आता ७.४ ला करतीलच असं नाही, आणि टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं असते, त्यात पीएच ८ च्या वर पण मिळते. म्हणून एप्रिल मे मध्ये हे काम काढूच नका. आमच्याकडे तर उन्हाळ्यात टँकवर फॅन लावूनही पाणी ३० च्या खाली ठेवता ठेवता नाकी नऊ येतात, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी. दिवाळीनंतरची थंडी ह्या कामाला सगळ्यात चांगली.

वाळूबद्दल. आजकाल बांधकामावर मिळते ती बहुतेक क्रश सँड, म्हणजे फोडलेला दगड. तिच्यात दगडाची भुकटी इतकी असते की धुवून धुवून हात दुखतात, आणि कडा धारदार. नदीची रेती मिळाली तर चांगली, चाळून १ ते २ मिलिमीटरची घ्या. खाडीजवळची किंवा समुद्राची नको, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळून हार्डनेस वाढवत राहतो. दुकानात पांढरे मार्बल चिप्स मिळतात ते पण नको, तोच प्रकार. काळी माती खाली घालून वर वाळू असा सल्ला यूट्यूबवर फिरून राहिलाय, आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि शेतातली असेल तर औषध फवारलेलं असते, श्रिम्प म्हणजे शेवटी किड्यांचेच भाऊबंद, कीटकनाशक त्यांना लगेच लागते.

टेस्ट सोपी आहे. वाळू धुवून सुकवायची, वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकायचं आणि कानाजवळ धरायचं. फसफसलं, बारीक बुडबुडे आले तर ती वाळू कुंडीत टाका. बेसाल्टची काळी कपची तशी चालते पण आपल्या दगडात पांढऱ्या गाठी असतात, त्यातल्या काही कॅल्साइटच्या असतात, म्हणून ती पण टेस्ट करूनच.

कोथरूडचा_टँक

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. काडी खुपसून बघितली, मागच्या कोपऱ्यात बुडबुडे आले आणि थोडा वास आहे. म्हणजे टबच. व्हिनेगरची टेस्ट पण करून बघतो, दुकानात काळा रंग दिलेली खडी पण आहे, ती चालते का? मॉस ताई, टबची पद्धत जरा क्रमाने सांगाल का, विशेषतः बॅक्टेरियाचं? सगळी सॉइल गेली तर सायकल (बॅक्टेरियांनी अमोनिया, नायट्राइट पचवण्याचं चक्र) मोडणार नाही का?

हिरवं_मॉस

सायकलचं घाबरू नका. दोन स्पंज दोन वर्षं चाललेत ना, मग मुख्य वस्ती तिथे आहे. सॉइल गेली की थोडा फटका बसेल, पण स्पंज जिवंत राहिले तर निभावतं. म्हणून पहिला नियम, त्या आठवड्यात स्पंज पिळायचे नाहीत, धुवायचे नाहीत, आणि पाण्याबाहेर कोरडे होऊ द्यायचे नाहीत.

मोठा प्लास्टिकचा टब घ्या, नवा असेल तर उत्तम, साबण लागलेला कधीच नको. मासे येतात तो थर्माकोलचा डबा मिळाला तर अजून छान, तापमान धरून ठेवतो. टँकचं वरचं स्वच्छ पाणी, काहीही ढवळायच्या आधी, पाइपने त्यात काढा. स्पंज त्यात लावून पंप सुरू करा, मॉस आणि लाकडं तशीच उचलून त्यात ठेवा कारण निम्मी पिल्लं त्यातच असतात. मग श्रिम्प पकडा. अंडीवाल्या माद्यांना जाळीने पाठलाग करू नका, घाबरल्या की अंडी टाकतात, कपात पाण्यासकट घ्या. टब झाकून ठेवा, नव्या जागी उड्या मारतात. तिथे दोन तीन दिवस राहिले तरी काही होत नाही, त्यामुळे घाई अजिबात नको, खाणं मात्र जवळपास बंद ठेवा.

मग सॉइल प्लास्टिकच्या मगाने काढा. थोडी थोडी पांढऱ्या टबमध्ये, टँकच्याच पाण्यात पसरा आणि पंधरा मिनिटं सोडून द्या, हे टाळू नका. गाळ बसला की पांढऱ्या तळावर पिल्लं सरकताना दिसतात, आधी केसाएवढी रेघ वाटते, मग ती उडी मारते. ड्रॉपरने किंवा औषधाच्या पिचकारीने उचलून श्रिम्पच्या टबात. अंड्यातून बाहेर येतात तेव्हा जेमतेम २ मिलिमीटरची असतात, सॉइल सरळ कचऱ्यात गेली तर तीही गेली.

काच नुसत्या पाण्याने पुसा. वाळू बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी अँटीक्लोरीनचं. एक इंच थर पुरे, श्रिम्पला खोल तळ लागत नाही आणि जाड थरात परत तोच गॅस होतो. तुमच्या मापाला साधारण ७ किलो लागेल. भरताना राखून ठेवलेलं जुनं पाणी परत वापरा. लोक म्हणतात जुन्या पाण्यात बॅक्टेरिया असतात, पाण्यात फारसे नसतात हो, जुनं पाणी टीडीएस आणि जीएच तोच राहावा म्हणून. एकदम बदल झाला की श्रिम्प अवेळी कात टाकतात, मानेजवळ पांढरी गोल रेघ दिसते आणि बऱ्याचदा कातीत अडकून मरतात. कमी पडेल ते पाणी नळाचंच घ्या, टँकरचं नको, टीडीएस जुळवून.

स्पंज परत लावून एक दिवस चालवा, अमोनिया नायट्राइट शून्य असेल तरच श्रिम्प, तेही टबात नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासभर. नंतर दोन आठवडे रोज टेस्ट करा, आणि मॉस, लाकूड, काचेच्या मागच्या बाजूचं शेवाळ घासू नका. नव्या वाळूवर चरायला काहीच नसतं, पिल्लांचं सगळं पोट त्या जुन्या बुळबुळीत थरावर चालतं.

रंगवलेल्या खडीवर माझा विश्वास नाही. घ्यायचीच असेल तर पांढऱ्या वाटीत गरम पाण्यात रात्रभर ठेवा, पाण्याला रंग आला किंवा नखाने पोपडा निघाला तर परत करा. खडी मोठी पण नको, खाणं फटीत पडून सडतं, श्रिम्पचे हात तिथवर पोचत नाहीत. काळा तळ मात्र जरूर ठेवा, चेरी खालचा रंग बघून स्वतःचा रंग बदलतात, पांढऱ्या वाळूवर फिक्या पडतात.

कोल्हापुरी_क्रिस्टल

क्रिप्टचं राहिलं. उपटू नको भावा, मुळांबरोबर तळाचा सगळा चिखल वर येतो. श्रिम्प बाहेर गेले की कात्रीने सॉइलच्या वरच्या थरापासून दोन बोटं खाली मुळं काप, वरचं झाड आधी काढून ओल्या कापडात ठेव, मग सॉइल काढ. नव्या वाळूत लावल्यावर पानं वितळतील, घाबरू नको, क्रिप्टचं तसंच असतं, पण वितळलेली पानं रोजच्या रोज काढ नाहीतर अमोनिया तिथूनच येईल. वाळूत खत नसतं म्हणून रूट टॅब (मुळांशी पुरायची खताची गोळी) द्यावी लागेल, ती पूर्ण थराच्या तळाला दाब, वर उघडी राहिली तर श्रिम्प कुरतडतात. आणि आधी पाकिटावर कॉपर किती लिहिलंय ते बघ, ते श्रिम्पना विषारी असतं. एवढा व्याप नको असेल तर क्रिप्ट छोट्या मातीच्या कुंडीत लावून कुंडीच वाळूवर ठेव, पुढच्या वेळी तळ साफ करताना नुसती उचलता येते.