लहान मुलांची खूप आवड आहे, एवढ्यावर पाळणाघर सुरू करावं का?

रानफूल:
नमस्कार. मी नऊ वर्षं अकाउंट्सचं काम करतेय, काम वाईट नाही पण मन कधी लागलंच नाही त्यात. लहान मुलं म्हणजे माझा जीव की प्राण. कोणाकडेही गेले तरी मोठ्यांच्या गप्पांत मी नसतेच, खाली बसून कुठल्यातरी पिल्लाचे बूट काढ-घाल चालू असतं. गेल्या महिन्यात बहीण आजारी होती म्हणून बारा दिवस रजा टाकून तिच्या दीड वर्षाच्या मुलीला पूर्ण मीच सांभाळलं आणि तेव्हापासून डोक्यात हेच आहे की घरीच पाळणाघर काढावं, रीतसर, पोटापाण्याचं काम म्हणून. घरचे म्हणतात एवढं शिकलीस ते दुसऱ्यांची पोरं सांभाळायला का, आणि ते मला फार लागलंय. पण खरी भीती वेगळीच आहे. आवडीचंच काम रोज करायला लागलं की आवड टिकते का? आणि आवड सोडून अजून काय यायला लागतं? अनुभव असेल त्यांनी स्पष्ट सांगा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

दोरी_पाळण्याची:
चौदा वर्षं झाली मला पाळणाघर चालवून, म्हणून लिहितेय. आधी ते 'दुसऱ्यांची पोरं'चं मनातून काढ. मूल बोलायला, चालायला, माणसं ओळखायला शिकतं त्या वयात दिवसातले आठ-नऊ तास ते तुझ्याजवळ असणार, याहून जबाबदारीचं काम मला तरी माहीत नाही.

आता स्पष्ट सांगते. भाचीवर तुझा जीव होताच, आणि ती तुला ओळखत होती. पाळणाघरात येणारं मूल तुला ओळखत नाही, पहिले काही दिवस तर त्याला तू नकोच असतेस. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला आपलं-परकं कळायला लागतं आणि पुढे दीड वर्षापर्यंत आई नजरेआड झाली की जीव जातो त्याचा. माझ्याकडे एक चौदा महिन्यांचा मुलगा आला होता, मी हात पुढे केला की भिंतीला चिकटायचा. मग मी उचलायचा प्रयत्नच सोडला. त्याच्यापासून तीन-चार हात लांब, थोडी पाठ करून बसायचे आणि चेंडू हळूच त्याच्या बाजूला सोडायचे, बघायचेही नाही. चौथ्या दिवशी त्याने आपला एक बूट आणून माझ्या मांडीवर ठेवला. हे चार दिवस तुला काढता आले पाहिजेत, मनाला लावून न घेता. आणि आईला कधीही गुपचूप पळू द्यायचं नाही, तिने सांगूनच जायचं, मूल रडलं तरी. पहिला आठवडा आईला सोबत बसव, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं वाढवत न्यायचं.

बाकी सगळ्याच्या आधी फर्स्ट एडचा कोर्स कर. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकून श्वास बंद झाला तर त्याला हातावर पालथं घेऊन पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे वाचून येत नाही गं, बाहुलीवर करून करून हात बसावा लागतो. बाळाला झोपवायचं ते पाठीवरच, अंथरुणात उशी नाही, मऊ खेळणी नाहीत. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. द्राक्षं उभी चिरून. आणि घरातली ती बटणासारखी बॅटरी असलेली प्रत्येक वस्तू आजच शोध, ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

थांबलेली:
मी तीन वर्षं केलं आणि बंद केलं. मुलांमुळे नाही, मोठ्यांमुळे. सहाला येतो सांगून साडेसातला यायचे, फीचं विचारलं की तुम्ही तर घरच्यासारख्या ना म्हणायचे आणि मला पुढे बोलता यायचं नाही, तिथेच माझं चुकलं. तू पहिल्या दिवसापासून सगळं लेखी ठेव, वेळ, फी, उशिराचे जादा पैसे, तुझ्या सुट्ट्या, आणि मूल आजारी असेल तर काय. उलट्या-जुलाब झाले असतील तर थांबल्यावर ४८ तास आणायचं नाही हे आधीच सांगून टाक, नाहीतर एकामुळे सगळी मुलं आणि तू पण आडवी. नोंदणी लागते का, एका माणसाने किती मुलं घ्यायची याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत ते आधी विचारून घे. आणि कंबर सांभाळ, वाकून नाही, गुडघ्यात बसून उचलायचं. मला अजूनही त्या मुलांची आठवण येते.

सात_ते_सात:
मी पालक आहे, आमची बाजू सांगते. मी संध्याकाळी दारात दिसले की माझी मुलगी भोकाड पसरायची, मला वाटायचं दिवसभर हिला नीट ठेवत नाहीत. आमच्या ताईंनी मला बसवून समजावलं की ती दिवसभर धीर धरून असते, तुम्ही दिसलात की सगळं मोकळं करते, कारण तुमच्यापाशी ते चालतं हे तिला माहीत आहे. एकदा पडून कपाळाला टेंगूळ आलं तर मी घरी जाऊन बघायच्या आत त्यांचा फोन आला होता, कधी पडली, कशावर आपटली, काय लावलं. तेव्हापासून मी ऑफिसात निर्धास्त असायचे. रानफूल, आम्हाला हेच हवं असतं, खेळणी कमी असली तरी चालतात.

दोरी_पाळण्याची:
आवड टिकते का ते राहिलंच होतं. टिकते, पण रूप बदलतं. आता मला मूल गोड दिसतं त्याच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो, अंग गरम लागतंय का ते हाताला कळतं. डायपर बदलताना मी घाई करत नाही, आता पाय उचलते, आता पुसते असं सांगत सांगत करते, दिवसात तेवढाच वेळ ते मूल एकटं माझं असतं. आणि तीन वर्षांचं होऊन गेलेलं मूल वर्षभराने भेटलं की बहुतेक वेळा ओळखत नाही. पहिल्यांदा रडले होते मी. हे सोसेल का ते बघ.

रानफूल:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन वेळा वाचलं. नोकरी लगेच सोडत नाही. आधी फर्स्ट एडचा कोर्स, आणि जवळच्या एका पाळणाघरात शनिवारी मदतीला येऊ का असं विचारणार आहे. ताई, सुरुवातीला किती मुलं घेऊ?

दोरी_पाळण्याची:
नियमात जास्त बसत असली तरी पहिले सहा महिने दोनच, आणि दोन्ही तान्ही नकोत, एक तरी चालतं मूल असू दे. शनिवारी जाशील ती सकाळी नको, संध्याकाळी चारनंतर जा. मुलं झोपेतून किरकिरत उठलेली असतात, आई-बाबा यायला वेळ असतो, तेव्हा दोन तास बसून बघ.