मदत हवी आहे: डाळिंबात सूत्रकृमी, लवंग तेल किंवा ओव्याचं तेल ड्रिपमधून सोडलंय का कोणी?

नमस्कार मंडळी, सांगोला भागात भगवा डाळिंब आहे, मुरमाड रान, ठिबकवर. काही झाडं पिवळी पडलीत, वाढ थांबलीये, खत टाकून काही फरक नाही अन् पाणी असून दुपारी माना टाकतात. पांढरी मुळी उकरून बघितली तर माळेत मणी ओवल्यासारख्या गाठीच गाठी, म्हणजे सूत्रकृमीच, मुळांत शिरणारे बारीक जंत.

लवंग तेलातलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, गवती चहाचं तेल यांनी सूत्रकृमी मरतात असं वाचलंय पण ते बहुतेक लॅबमधलं, तिथं पिल्लं थेट तेलाच्या द्रावणात सोडतात हो! रानात तेल उडून जातं, मातीला धरून बसतं, आणि मादी तर गाठीच्या आत, तिथपर्यंत ते पोचणार कसं?

तर ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनीच सांगा. तेल पाण्यात मिसळत नाही, मग इमल्सिफायर कोणता घेतला, एकरी किती सोडलं आणि पांढरी मुळी जळली का? दुसरं म्हणजे थायमॉल बुरशीपण मारतं, मग आपण शेणखतातून दिलेलं ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस या मित्रबुरशी त्यात मरणार नाहीत का, मध्ये किती दिवसांचं अंतर ठेवायचं? कृषी सेवा केंद्रवाला 'ऑरगॅनिक आहे, बिनधास्त सोडा' म्हणतोय, पण बाटलीवर घटक काय आणि किती टक्के त्याचा पत्ताच नाही.

निंबोळी पेंड चालू आहे. आणि झेंडू लावा म्हणून सांगू नका, तो ओळींमध्ये लावलाय आधीच 😅