विमानाच्या टाकीतलं पाणी: टेस्टर कुठला घ्यावा? (बजेट ₹१०००)

निळाई
राहते साताऱ्यात, शिकते कराडच्या धावपट्टीवर, विमान सेस्ना १७२ एस. विमान रात्री उघड्यावर असतं. पाऊस झाला की सकाळी ड्रेन करताना (टाकीच्या तळाच्या झडपेतून थोडं इंधन काढून बघताना) हमखास पाणी निघतं. इथला नमुना बघायचा कप ओरखड्यांनी पार धुरकट झालाय, तळाचं काही दिसत नाही. स्वतःचा घ्यायचाय, १००० च्या आत. आणि पाणी मुळात शिरूच नये म्हणून काय करता येईल?

उंचभरारी
गॅट्स जार (जाळीवाला टेस्टर) घे, डोळे झाकून. मी अमेरिकेतल्या मामेभावाकडून मागवला. जाळी पाणी अडवते, चांगलं इंधन परत टाकीत ओतता येतं. १००० मध्ये बसणार नाही, पण असल्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

कोयनाकाठ
गॅट्सला +१. आणि संध्याकाळी टाक्या काठोकाठ भरून ठेवा. अर्धवट टाकीतली दमट हवा रात्री गारठली की आतून पाणी धरते. कराडचं हिवाळी धुकं माहीतच आहे.

निळाई
काठोकाठ भरून तिघं बसलो तर वजन मर्यादेबाहेर जातं हो. म्हणून भरत नाहीत.

पंपवाला_सांगली
आमचा पेट्रोल पंप आहे. डिपरॉडला (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीला) वॉटर फाइंडिंग पेस्ट लावायची, पाणी असेल तिथपर्यंत रंग बदलतो. एक ट्यूब घ्या, काम झालं. कपाची गरजच काय?

हँगरवाले_काका
पंपवाले, पेस्ट तुमच्या टाकीला, बॅरलला ठीक. विमान तपासायचं ते ड्रेनमधूनच.
पोरी, आधी टोपण बघ. पावसाचं पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. टोपणाची रबरी रिंग नखानं दाबून बघायची. कडक लागली, चीर दिसली, की स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहायचा. बदलणं इंजिनिअरचं काम, लिहिणं तुझं.
१७२ एसला प्रत्येक पंखाखाली ५ आणि पोटाखाली ३, असे १३ ड्रेन असतात. पोरं पंखाचे दोन-चार बघतात आणि वाकायचा कंटाळा म्हणून पोटाखालचे सोडतात. इंधन भरल्या भरल्या तपासू नये. अ‍ॅव्हगॅसमध्ये (विमानाच्या पेट्रोलमध्ये) पाणी खाली बसायला दर फूट खोलीमागे १५ मिनिटं धरतात.

बुलेटवाला_वाई
अवांतर: महाबळेश्वरच्या पावसात माझ्या बुलेटच्या टाकीत पाणी गेलं, कार्ब्युरेटर दोनदा उतरवला. ई२० (२०% इथेनॉलवालं पेट्रोल) मुळेच होतं हे सगळं. विमानातही ई२० घालतात का?

पंपवाला_सांगली
ई२० ला नावं ठेवू नका. टोपण नीट लावलं असतं तर पाणी गेलं नसतं.

बुलेटवाला_वाई
टोपण नीटच होतं. पंपावरच पाणी मिसळलं नसेल कशावरून?

हँगरवाले_काका
अ‍ॅव्हगॅसमध्ये इथेनॉल नसतं. बुलेटसाठी वेगळा धागा काढा.

कृष्णामाई
सगळे भांड्यावर भांडताय, बघायचं कसं ते कुणी सांगितलं नाही. १०० एलएल (आपलं अ‍ॅव्हगॅस) निळं असतं, पाणी जड म्हणून तळाशी मण्यासारखं फिरतं. पण आख्खा कप पाणीच आलं तर मधली रेघ दिसतच नाही, सगळं स्वच्छ वाटतं. आणि कप निळ्या आभाळाकडे धरला तर पाणीही निळं दिसतं! पांढऱ्या पंखासमोर धरायचा, वास घ्यायचा. शंका आली तर वरून पाण्याचा एक थेंब सोडायचा. खाली जाऊन वेगळा बसला तर इंधन, मिसळून दिसेनासा झाला तर कपात पाणीच आहे. पाणी निघालं की ते पूर्ण थांबेपर्यंत नमुने काढत राहायचं. पंख हलवून, शेपूट दाबून पुन्हा बघायचं. तरीही येत राहिलं तर उड्डाण रद्द.

कोयनाकाठ
टाक्या भरून ठेवा हे मी आधीच म्हटलंय.

निळाई
काका, कृष्णामाई, मनापासून आभार. उजव्या टोपणाची रिंग चिरलेली निघाली. स्नॅग लिहिला, रिंग बदलली. घेतला मात्र साधा पारदर्शक कप, ड्रेन दाबायच्या पिनवाला, बजेटमध्ये बसला. गॅट्स नको, कारण टाकीतून एकदा काढलेलं इंधन मला परत टाकीत ओतायचंच नाही. ते वेस्टच्या डब्यात जाईल.

उंचभरारी
एवढं इंधन रोज वाया? गॅट्सच घ्यायला हवा होतास.