सिंक तुंबलंय, प्लंबर सहाशे मागतोय. घरच्या घरी निघेल का?

परातवाली
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. शनिवारपासून स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलंय. अगदी ठप्प नाही, पण तांब्याभर पाणी उतरायला वीस मिनिटं. वर तेलाचा लालसर तवंग आणि वास तर विचारूच नका. भांडी न्हाणीत बसून घासतेय, गुडघे बोलायला लागलेत.

आतापर्यंतचे उद्योग: मुलीने व्हिडिओ बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फसफसलं भरपूर, उतरलं काही नाही. मग मी पातेलंभर उकळतं पाणी ओतलं. काल रात्री दुकानातली ड्रेनची पावडर आणून अर्धं पाकीट टाकलं. सकाळी बघते तर पाणी तिथल्या तिथंच.

प्लंबर सहाशे म्हणतो, तेही 'बघितल्यावर सांगतो'. घरमालक म्हणतात, तुम्ही तुंबवलं, तुम्हीच काढा. पाणी चार दिवसांआड, त्यामुळे बादल्याच्या बादल्या ओतत बसणं जमणार नाही. उरलेली पावडर टाकू का ॲसिड आणू?

पेन्शनर_विजापूर_रोड
वहिनी, शंभरेक रुपयांचा रबरी पंप मिळतो, तो आणा. सिंकला वरच्या बाजूला जादा पाणी जायचं भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं गच्च दाबायचं, नाहीतर सगळा दाब तिथूनच पळतो. रबर बुडेल एवढं पाणी असू द्या. पंधरा-वीस हिसके द्या. आमच्याकडे दर दिवाळीला हाच कार्यक्रम असतो.

मिस्त्रीचा_पोरगा
काका, पंप चांगलाच आहे, पण यांनी पावडर टाकलीय. आता हिसके दिले तर तेच पाणी डोळ्यात उडायचं. पंप पावडरीच्या आधी, नंतर नाही.

ताई, ॲसिड अजिबात नको. अशा पावडरीत बहुतेक करून कॉस्टिक सोडा असतो आणि तुमचं पाणी उतरलेलं नाही, म्हणजे तो अजून आतच आहे. त्यावर ॲसिड पडलं की एकदम तापून वर उसळतं. उरलेलं पाकीटही ठेवून द्या. नीट न विरघळलेली पावडर तळाशी बसून दगडासारखी होते, मग खरंच सहाशे जातील. सोडा-व्हिनेगरचं म्हणाल तर ती दोघं एकमेकांनाच मारतात. फेस वर येतो, खाली खारट पाणी उरतं. आणि उकळतं पाणी पीव्हीसीत परत ओतू नका. ऐंशी अंशाच्या आसपास तो पाईप मऊ पडायला लागतो, सांधे ढिले होतात. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम, एवढं पुरे.

आता एक सांगा. न्हाणीतलं पाणी झरझर जातंय का? सिंकचं पाणी उतरताना न्हाणीच्या जाळीतून गुडगुड येते का? येत असेल तर बोळा पुढे, चेंबरकडे आहे, मग खर्चाचं मालकाशी बोला. न्हाणी ठीक असेल तर दोष सिंकपासून भिंतीपर्यंतच्या दोन फुटांत.

परातवाली
न्हाणी एकदम ठीक. गुडगुड नाही. सिंकखाली पांढरी बाटलीसारखी वस्तू आहे.

मिस्त्रीचा_पोरगा
मग झालं की! तो बॉटल ट्रॅप. रबरी हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा. आधी प्लास्टिकच्या मगाने सिंकमधलं पाणी उपसून संडासात ओता. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, कॉस्टिक ते खातं. अंगावर उडालंच तर भरपूर साध्या पाण्यानं धुवा, लिंबूबिंबू चोळू नका. मग खाली बादली ठेवून बाटलीचा बुडखा हातानेच फिरवा. पान्याची गरज नसते, पान्यानं प्लास्टिक तडकतं. आतला गाळ काढा, जुन्या ब्रशने घासा. भिंतीकडच्या पाईपात सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून घाला, ढकलू नका, ओढा.

आणि बाटली धुवायला त्याच सिंकचा नळ सोडू नका. हसू नका, आमचे वडील तीस वर्षं हे काम करून एकदा तसेच भिजले होते.

परत बसवलं की मगभर पाणी सोडा. त्या बाटलीत पाणी थांबलेलं असतं म्हणून गटारीचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. काही जण कटकट नको म्हणून ट्रॅपच काढून सरळ पाईप लावतात, तो शहाणपणा करू नका.

अक्का_पूर्वभाग
ताई, परात कुठं धुता? नाव वाचूनच कळलं मला. ज्वारीचं पीठ ओलं झालं की खळ होते. त्यात शेंगा चटणीचं तेल आणि कूट मिसळलं की पाईपाला लिंपणच. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर साबणाचा पांढरा साका वेगळाच. मी परात आधी सुक्या हातानं खरवडते, ते पीठ कुंडीत. चटणीची ताटली कागदानं पुसून मगच सिंकमध्ये. दोन रुपयांची रद्दी, बाकी काय.

परातवाली
अक्का, पकडलंत. रोज दहा-बारा भाकऱ्या, शिवाय आठवड्याला कडक भाकरीचा घाणा, आणि परात सरळ सिंकमध्ये.

आत्ताच उघडलं. बुडखा निघाला आणि बादलीत भदकन पडला तो राखाडी गोळा, अगदी कुंभाराच्या मातीसारखा. फोडला तर आत घासणीची तार आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. मोजले, सात निघाले! आमच्या घरात कोपरा पूर्ण कापून टाकायची सवय एकाच माणसाला आहे आणि तो माणूस आत्ता पेपर वाचतोय.

पाणी सुसाट जातंय. फक्त बुडख्यापाशी मिनिटाला एक थेंब गळतोय. आणखी आवळू?

मिस्त्रीचा_पोरगा
आवळू नका, आटे जातील. उघडून वायसर बघा, तिरका बसला असेल किंवा कडेला पीठ अडकलं असेल. पुसून सपाट बसवा. चिरला असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जुना दाखवून तसाच घ्या, दहा-पंधरा रुपयांत मिळेल.

परातवाली
पीठच होतं.