‘पडीक’ म्हणजे नेमकं काय?

मी कोल्हापूरची, नोकरीसाठी नाशकात. ऑफिसातला एकजण म्हणाला, “रविवारी आम्ही कॉलेज रोडला पडीक असतो.” मला पडीक जमीनच आठवली! असं अजून काय काय बोलतात?

पंचवटीकर: पडीक म्हणजे तासन्‌तास बूड न हलवता बसणं. शिवी नाही, पण सासूबाईंसमोर नको. परीक्षेत नापास झाला की ‘आपटला’, न बोलावता आला की ‘टपकला’. जीव जडला की ‘विकेट पडली’. हे मात्र आमच्या वेळचं, आता पोरं हसतात.

लासलगावचा शेतकरी: आमच्यात ‘पडला’ म्हटलं की आधी कांद्याचा भाव. पोरगं सायकलवरून पडलं तरी बाप विचारतो, “कितीनं?”

मूळ प्रश्नकर्ती: हे ‘कितीनं’ उद्या डबा खाताना वापरते!