एकाच रक्तनमुन्यातून क्लोराइड आणि 'क' जीवनसत्त्व दोन्ही मोजता येतील का?

आहारशास्त्र_इंदूर
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी सुदामानगर आणि रामबाग भागातल्या साठीपुढच्या लोकांचं क्लोराइड आणि 'क' जीवनसत्त्व तपासायचं आहे. रक्त घरोघरी जाऊन घ्यायचं आहे, तेही मे महिन्यात. फेरी संपवून प्रयोगशाळेत पोचायला दोन तास लागतील. एकच नळी दोन्हीला चालेल का? आणि दोन्ही कमतरता आहारातूनच येतात असं धरून प्रश्नावलीही एकच ठेवू का?

नमुना_कक्ष
नळ्या वेगळ्याच घ्या. क्लोराइडचं फार लाड करावे लागत नाहीत: साधी नळी, गुठळी झाली की सीरम (वरचा पिवळसर द्रव) वेगळं करा, बूच घट्ट ठेवा, दिवसभरात आकडा हलत नाही.

'क'चं मात्र रक्त काढल्या क्षणापासून ऑक्सिडीकरण सुरू होतं, म्हणजे ते नासायला लागतं. त्यासाठी लिथियम हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) हिरव्या बुचाची नळी घ्या, तिला फॉइल गुंडाळा आणि लगेच बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. फ्रीजरमधल्या जेल-पॅकला नळी थेट टेकवू नका. रक्त गोठून पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिडीकरणाला हातभार लावतं. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला पेशींवरचा द्रव) काढा, त्यात तेवढंच १० टक्के मेटाफॉस्फोरिक आम्ल घाला, साका खाली बसवा आणि वरचं स्वच्छ द्रव उणे ७० अंशांवर ठेवा. हे आम्ल ताजं करा, जुनं झालं की त्याचं ऑर्थोफॉस्फोरिक होतं. मोजणी एचपीएलसीवर (घटक वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) करा, रंगद्रव्याच्या टायट्रेशनमध्ये इतर क्षपणकारक पदार्थही मोजले जातात.

मे महिन्यात दोन तास म्हणजे फारच. एका फेरीत तीन-चारच घरं घ्या.

क्षार_मूत्रपिंड
ताई, प्रश्नावलीचं गृहीतकच बदला. ५ ग्रॅम मिठात ३ ग्रॅम क्लोराइड असतं, आपल्या स्वयंपाकात ते कमी पडणं जवळपास अशक्य. आहारातून कमतरता झाल्याचं ठळक उदाहरण १९७८-७९ चं, अमेरिकेतलं: सोयाच्या एका शिशुआहारात क्लोराइड फार कमी पडलं, बाळांची वाढ खुंटली, रक्त अल्कधर्मी झालं. त्यातूनच १९८० चा इन्फंट फॉर्म्युला कायदा आला.

तुमच्या वयोगटात क्लोराइड कमी दिसलं तर आधी लघवीच्या गोळ्या बघा (फ्युरोसेमाइड, थायाझाइड), मग उलट्या, मग जुना फुप्फुसविकार. गोळ्यांची नावं तोंडी विचारू नका, स्ट्रिप बघून लिहा, शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही.

नुसतं क्लोराइड मोजून काही कळत नाही. सोबत सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन हवंच. सोडियमही त्याच प्रमाणात उतरलं असेल तर घोळ पाण्याचा. सोडियम ठीक आणि बायकार्बोनेट चढलेलं असेल तर बहुधा अल्कलोसिस, म्हणजे रक्त अल्कधर्मी होणं. अशा वेळी लघवीतलं क्लोराइड बघा: लिटरला २० मिलिमोलच्या खाली म्हणजे शरीर ते धरून ठेवतंय, उलट्या किंवा थांबवलेली गोळी. बरंच वर असेल तर गोळीचा असर अजून चालू असण्याची शक्यता जास्त. सीरम दुधाळ दिसलं तर तसं नोंदवा, इनडायरेक्ट आयएसई यंत्र (नमुना पातळ करून क्षार मोजणारं) त्यात खोटा कमी आकडा देतं.

आहारशास्त्र_इंदूर
मग आहाराची प्रश्नावली फक्त 'क'साठी. रोज पोह्यावर लिंबू पिळणाऱ्यांना "पुरेसं" धरू का?

ताटातलं_गणित
नको. लिंबाच्या १०० ग्रॅम रसात साधारण ४०-५० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिंबातून ५ च्या आसपास. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० ची रोजची शिफारस पुरुषांना ८०, स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये २०० च्या वर मिळतं, पण पेरू-आवळ्याचा खरा हंगाम हिवाळा. मे महिन्यातल्या आकड्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नका, जमलं तर त्याच लोकांचं जानेवारीत पुन्हा घ्या.

भाजी उकळून पाणी ओततात का, दात नसल्यामुळे कच्चं खाणं सुटलंय का, विडी-सिगारेट, 'क'च्या चघळायच्या गोळ्या, हे सगळं विचारा. रक्त उपाशीपोटीच घ्या. सीआरपीही (दाह दाखवणारी रक्तचाचणी) करा, अंगात दाह असला की प्लाझ्मातलं 'क' उतरतं आणि दोष आहाराच्या माथी जातो. ११ मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली कमतरता, २३ पर्यंत काठावर. स्कर्व्ही ('क' फार कमी पडून हिरड्यांतून रक्त येण्याचा आजार) टाळायला रोज १० मिलिग्रॅम पुरतात, हे इंग्लंडमधल्या शेफील्डला १९४४ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात दिसलं होतं, तेव्हा हिरड्या ठीक म्हणजे साठा भरलेला असं समजू नका.

क्षार_मूत्रपिंड
एक राहिलं. रक्तातलं क्लोराइड लिटरला ८० मिलिमोलच्या खाली आलं तर त्याच दिवशी घरच्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन जायला हवा. कोण करणार, ते नैतिकता समितीच्या अर्जातच लिहा.